सगळ्यात मागची खिडकी

तीर्थस्वरूप ताईस,

साष्टांग नमस्कार (ऑफिसच्या खुर्चीला चाकं आहेत, म्हणून बसूनच घालतोय). पत्राला उशीर झाला त्याचं कारण कामाचा रगाडा, असं लिहिणार होतो, पण तू लगेच ओळखशील. खरं म्हणजे घाबरलो होतो. आठवडा झाला, रोज उद्यावर ढकलतोय. तुझी कंबर कशी आहे? भावजींचं घोरणं? चिमणीचा पुढचा दात आला का? बाबांबद्दल मुद्दामच विचारत नाही, कारण सगळं पत्र त्यांच्याबद्दलच आहे. पण तिथवर पोचायला मला वेळ लागेल. तू भाजी निवडत निवडत वाच.

सध्या मी कपाटं विकणाऱ्या एका कंपनीत तक्रारींना उत्तरं देतो. (हो, टिकलोय. बेकरी, गोदाम आणि गाड्या धुणं मिळून जेवढा टिकलो त्याहून जास्त.) इथे माऊसला हात लावणं कमीपणाचं समजतात. शेजारचा चष्मेवाला म्हणतो, हात कीबोर्डवरून उचलला की काम बोंबललं. तेव्हा ऑल्ट दाबून ठेवायचं आणि टॅब मारायचं, की उघड्या असतील तेवढ्या सगळ्या खिडक्यांची चित्रं ओळीने उभी राहतात. (सगळे विंडो म्हणतात. मी खिडकी म्हणतो. बसल्या जागी तेवढीच हवा.) हवी तिच्यावर आलं की बोटं सोडायची. ऐकायला सोपं आहे ना? पण ती ओळ काही आपण लावलेली नसते, ताई. जिच्यात आत्ता होतो ती पुढे, आणि जिच्याकडे फार वेळ फिरकलो नाही ती मागे मागे सरकत पार टोकाला. बरं, एकदाच टॅब मारून बोटं सोडली, तर नुकत्याच वापरलेल्या त्याच त्या दोन खिडक्यांत येरझाऱ्या. लांब जायचं तर एक बोट नेटाने धरून ठेवावं लागतं. आणि नेटाने धरून ठेवणं म्हणजे... जाऊ दे, ‘याला एक काही धरून ठेवता येत नाही’ हे बाबांचं वाक्य तुला पाठ आहे.

मागच्या महिन्यात तुला एक पत्र लिहीत होतो (ते हे नव्हे, ते अर्धंच राहिलं). ऑफिसातल्या मोठ्या बाई मागून आल्या म्हणून मी झटकन खिडकी बदलली, आणि तुझ्यासाठीचं ‘अजून रागावली आहेस का?’ हे वाक्य एका ग्राहक बाईंना गेलं. त्यांचं उत्तर आलं, ‘हो. दार अजून लागत नाही.’ मी गयावया केली, दुसऱ्याच दिवशी माणूस पाठवला, दार लागलं. वर बाईंनी लिहिलं, तुमच्या घरी कुणी रागावलं असेल तर तिथेही एखादा माणूस पाठवा. सगळे खो खो हसले. मीही हसलो. (दुपारी डबा तसाच परत नेला, ते वेगळं.)

आता मुद्दा. रोज सकाळी संगणक सुरू केला की सगळ्यात आधी मी एक खिडकी उघडतो. तिच्यात वर बाबांचा पत्ता, तू त्यांच्या फोनवर काढून दिलेला तो ईमेल, आणि खाली ‘तीर्थरूप बाबांस’. बस्स. काय लिहू? की इथे आमच्या जिन्याखाली एक शिंपी बसतो, त्याचं मशीन महिनाभर अडखळतंय, आणि पट्टा सैल झालाय हे मला वर बसून कळतं? की घरी जाताना तेलाच्या वासासाठी मी उगाच तिथे रेंगाळतो? दुकान सोडून निघून आलेल्या मुलाने शिलाई मशीन दुरुस्त करणाऱ्या बापाला हे लिहायचं असतं का? तेवढ्यात तक्रारींचा पाऊस सुरू होतो, बाबांची खिडकी मागे सरकते, आणि संध्याकाळी टोकाला कोरीच उभी असते.

तर गेल्या आठवड्यात चष्मेवाल्याने नवी युक्ती शिकवली. सोबत शिफ्टही दाबलं की ओळ उलटी फिरते! म्हणजे सगळ्यात मागची खिडकी एका टिचकीत हजर. आणि मी इतके दिवस गावाला वळसा घालत होतो. त्या आनंदात माझी बोटं सुसाट सुटली. ठरावीक उत्तर चिकटवलं, पाठवलं, आणि मग पाहिलं. बाबांना गेलं, ताई! ‘तीर्थरूप बाबांस, आपली तक्रार योग्य आहे. आपल्याला झालेल्या त्रासाबद्दल आम्ही मनापासून दिलगीर आहोत. आमचा माणूस आठवडाभरात आपल्या पत्त्यावर हजर होईल.’ खाली माझं नाव आणि कंपनीचा पत्ता. दोन वर्षं मला जे जमलं नाही, ते कंपनीने आधीच लिहून ठेवलं होतं.

तेव्हापासून बाबांचं उत्तर नाही. ग्राहक निदान शिवी तरी देतो गं.

भावजींना नमस्कार, चिमणीला गालगुच्चा.

तुझाच,
भिंगरी

ता. क. : एक काम कर. चिमणीचे फोटो बघायचेत म्हणून दुकानात बाबांचा फोन माग आणि ते पत्र पुसून टाक.

ता. क. दुसरा : पुसू नकोस. वाचलंय का, एवढंच बघ. आणि मागच्या खोलीत डोकाव. माझ्या खाटेवर त्यांनी मशीनचे सुटे भाग मांडलेत असं तू म्हणाली होतीस. ते उचललेत का, तेवढं कळव. बाकी पत्रात काही नाही, हेच विचारायचं होतं.

ता. क. तिसरा : आत्ताच पहारेकरी वर येऊन सांगून गेला, खाली एक म्हातारे ग्राहक आलेत, हातात हत्यारांची तेलकट पेटी आहे. म्हणतात, तुमचा माणूस येणार होता, आठवडा झाला तरी आला नाही, म्हणून मीच न्यायला आलो. चष्मेवाला म्हणतोय, आधी कपाट कुठलं ते विचार. पत्र आहे तसंच पाठवतो आणि उतरतो. जिन्याखालचं शिंप्याचं मशीन मघाशी थांबलं होतं. आता पुन्हा सुरू झालंय, आणि अजिबात अडखळत नाहीये.