भुशाच्या भट्टीपाशी

३ नोव्हेंबर
ह्यांचं डोकं आजही ठणकतंय. "भुशाची धूळ गं, दुसरं काय!" मग गिरणीवर दिवसभर भुसा भरता, तेव्हा कसं दुखत नाही? – विचारलं, तर हसण्यावारी नेलं.

६ नोव्हेंबर
भट्टीत भुसा, भुशाचा वायू, वायूवर इंजिन, इंजिनावर अख्ख्या गावाची वीज – सगळं ह्यांनी स्वतः जुळवलेलं. त्यात खोट काढली की पोटच्या पोरीला नावं ठेवल्यासारखं लागतं! आज फिटरला गुपचूप फोन केला. म्हणाला, "वहिनी, त्यातल्या विषाला वास नसतो. पाइप गळत असेल तर माणूस बसल्या जागी जातो. आधी बंद करा, मग मला बोलवा."

ह्यांना सांगितलं. भडकले. "बंद करू? आणि बाबांचं ऑक्सिजनचं मशीन कशावर चालवू – तुझ्या बडबडीवर?"



७ नोव्हेंबर
मामंजींनी सगळं ऐकलं होतं. धापा टाकत म्हणाले, "सूनबाई, माझ्यापायी त्याचा जीव जायला नको. मला दवाखान्यात नेऊन टाका. खाट काय, इथली नि तिथली!" हे म्हणाले, उद्या बघू. उद्या!

१० नोव्हेंबर


परवा दुपारी डबा घेऊन गेले, तर हे इंजिनाशेजारी पालथे. हाक मारली – ओ नाही. श्वास रोखून आत शिरले, पाय धरून फरफटत बाहेर काढलं. कुठून आला तो जोर! मग पुन्हा आत. वायू दारातून ह्यांच्याकडेच येत असणार; त्याची झडप बंद करायची होती. मामंजींचा चेहरा डोळ्यांपुढे आला. तरी फिरवली. इंजिन गचके खात थांबलं.

घरी धावले. मामंजींचे ओठ निळसर पडलेले. वीज का गेली, हे विचारलंच नाही. एवढंच – "तो आहे ना?"

शेजाऱ्यांच्या टेम्पोत बापलेक आडवे, मधे मी, दोघांचे हात धरून.

दोघेही वाचले.

१९ नोव्हेंबर
सगळे घरी! फिटरने तडकलेला सांधा बदलला, शेडच्या दोन भिंतीच पाडल्या. वारं खेळतंय. मामंजींचं मशीन चालू. ह्यांचं डोकं दुखत नाही, जेवतात, चिडतात – म्हणजे बरे आहेत. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तरी थोडे दिवस लक्ष ठेवा. ह्या विषाचा परिणाम कधीकधी मागाहून दिसतो." कशावर, ते विचारायचं राहूनच गेलं.

२ डिसेंबर
सकाळी हे इंजिनापुढे बराच वेळ नुसतेच उभे होते. मग मला जवळ बोलावलं. कुणी ऐकत नाही ना पाहिलं. हळूच म्हणाले, "हे सुरू कसं करतात गं?"