सापकांद्याची मुळी

आबा, तुम्ही लबाड नव्हता, हे आधी लिहून ठेवते. माहूरला देवीच्या पायऱ्यांच्या कडेला पोतं अंथरून तुम्ही मुळ्या विकायला बसायचे, आणि त्यात सगळ्यात जास्त खपायचा तो डोंगरातून खणून आणलेला सापकांदा. त्याच्या देठावर सापाच्या अंगासारखे ठिपके असतात. यात्रेकरूंना तो देठ दाखवून तुम्ही म्हणायचे, "देवानंच खूण करून ठेवली हाय, कशावरचं औषध हाय ते." कच्चा कांदा जिभेला लागला तर सुया टोचल्यागत होतं, हे तुम्ही मला लहानपणीच बजावलं होतं. आजोबांच्या वेळी दुष्काळात लोकांनी हाच कांदा चिंचेच्या पाल्यात पुन्हा पुन्हा उकळून खाल्ला, असंही सांगायचे. वाळवून तो मूळव्याधीला द्यायचे, गुरांच्या जखमेत किडे पडले की कुटून भरायचे. गुरं बरी व्हायची, म्हणून सापाचंही तुम्हाला खरंच वाटत असणार.

आईला घोणस चावली तेव्हा मी नववीत होते. दुसऱ्याच्या शेतात आम्ही तिघं कापूस वेचत होतो. शेतमालक म्हणाला, "जीप उभी हाय, किनवटला नेऊ." तुम्ही म्हणाले, "माझ्यापाशी मुळी असताना दवाखाना कशाला?" पळसाच्या सावलीत तुम्ही दगडावर कांदा वाटताय, निम्मा तिच्या पायाला लावताय, निम्मा पाण्यात कालवून पाजताय. आई म्हणते, "अवो, तोंड जळून राहिलं माझं." तुम्ही तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणता, "जळू दे. जहर उतरून राहिलं." मग तिच्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं, आणि जीपसाठी तुम्हीच ओरडत धावले. घाट उतरायच्या आत ती गेली. डोकं माझ्या मांडीवर होतं, पाय तुमच्या.

दिवसकार्य झाल्यावर तुम्ही पुन्हा पोतं घेऊन पायऱ्यांकडे निघाले, तेव्हा मला वाटलं, पोटासाठी चालले. मी मागोमाग आले. लातूरकडच्या एका म्हाताऱ्यानं विचारलं, "सापाची मुळी हाय का?" तुम्ही म्हणाले, "हाय, पण हिचा उपयोग न्हाई. माझी बायको गेली हिच्यावर भरोसा ठेवून. साप चावला तर सरळ दवाखाना गाठा." म्हातारा मुळी न घेताच पायऱ्या चढून गेला. जो येईल त्याला तुम्ही तेच सांगायचे, त्याच आवाजात. शेजारचे मुळ्यावाले आधी समजावून गेले, मग चिडले. "आमच्या पोटावर पाय देऊन राहिला का?" म्हणत एकानं तुमचं पोतं पायऱ्यांवरून भिरकावलं. तुम्ही ते झटकलं, अंथरलं आणि पुन्हा बसले. त्यांनी तुम्हाला तिथून कायमचं उठवलं, मग तुम्ही वीटभट्टीवर कामाला गेले. आईविषयी आपण दोघं घरात कधीच बोललो नाही. मला नर्सिंगला नांदेडच्या एसटीत बसवताना फक्त एवढं म्हणाले, "सापाची लस कशी देतात ते नीट शिकून ये." मला नोकरी लागायच्या आधीच तुम्ही गेले.

आता मी एका लहान दवाखान्यात आहे. परवा तांड्यावरून एका बाईला आणलं. पायाला तोच लेप, ओठ सुजलेले. डॉक्टर सलाईनमधून लस सोडत होते, मी तिची नाडी धरून होते. नवरा भिंतीला टेकून उभा. तो म्हणाला, "सिस्टर, मुळी मीच पाजली. मारली का मी तिला?" मी म्हटलं, "आणली ना वेळेवर? बसा." बाई वाचली. आज सकाळी उठून बसली आणि शेळ्या कुणाच्या भरवशावर टाकून आलात म्हणून नवऱ्यावर खेकसली. तो मान खाली घालून ऐकत होता आणि हसत होता. सगळा वॉर्ड हसला. मीही हसले, आणि ड्रेसिंगच्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं.

हा कागद मी कुणाला दाखवणार नाही, म्हणून लिहिते. ती वाचली याचा आनंद झालाच. पण आत जाऊन रडले ते आनंदानं नाही. जे तुम्ही केलं तेच त्या माणसानं केलं होतं, आणि त्याची बायको त्याला रागावत होती. मला त्याचा हेवा वाटला, आबा. तुमच्या वतीनं.