ती तिथे नसते तेव्हा

३ जून
चॅनेलच्या मॅडमचं फर्मान! आपली नायिका गोदामाच्या आगीतून वाचलेली, तर तिला आता ‘दुसरी बाई’ होऊ दे. धूर दिसला की केस मोकळे, डोळे पांढरे, आवाज घोगरा. मागे ढगांचा गडगडाट.
“गोदामात ढग कुठून येणार?” मी विचारलं.
“भावनेचे ढग,” मॅडम म्हणाल्या. वर हेही म्हणाल्या – “मनाच्या आजारावर गंभीर काम केलं, असंही म्हणता येईल.”
मी पडले संवादलेखिका. बुधवारपर्यंत सीन हवाय.

४ जून
लिहून टाकला. झकास जमलाय. घोगऱ्या आवाजाला सात वाक्यं दिली.

६ जून
रविवार. ताईकडे गेले. लिहिलेलं पहिल्यांदा तिलाच वाचून दाखवते, ती सवयच आहे. ती चष्म्याच्या दुकानात काचा बसवते. जेवणाच्या टेबलाशी माझ्या जुन्या चष्म्याचा ढिला स्क्रू पिळत बसली होती, मी वाचत होते. डोळे पांढरे होतात तिथे ती हसत सुटली. “अगं, ही बाई आहे की प्रेशर कुकर?”
मीही हसले. मग ती स्क्रूवरून नजर न काढता म्हणाली, “असं नसतं.”
“कसं नसतं?”
“डोळेबिळे काही फिरत नाहीत. उलट मी फार शहाण्यासारखी वागते. गिऱ्हाइकाला नंबर बरोबर विचारते, हसतेसुद्धा. फक्त मी तिथे नसते.”
मी – ती ‘मी’ म्हणाली!

हे लिहायला मला संध्याकाळ झाली. तीस वर्षांपूर्वी होडी उलटली. ताई अकराची. ती आणि बाबा पलीकडून येत होते. बाबा गेले, ताईला कोणीतरी केसांना धरून ओढून काढलं. आई काठावर उभी होती, मी तिच्या कडेवर, दोन वर्षांची. मला काहीच आठवत नाही. घरात तो विषय पुन्हा निघाला नाही. ताई जेवता जेवता मध्येच थांबायची, हाक मारली तरी ओ द्यायची नाही. आई करवादायची, “लक्ष कुठे असतं गं तुझं?” मलाही वाटायचं, आमची ताई जरा वेंधळीच.

वेंधळी! आणि आज ती मला एखाद्या गावाचा रस्ता सांगावा तसं सांगत होती. आधी आवाज जातो – म्हणजे ऐकू येतं, पण शेजारच्या घरात चाललंय असं. मग हात. “हात माझेच असतात, पण कोणाकडून उसने आणल्यासारखे.” परत यायचं तर नळाखाली मनगटं धरायची. “बोटांना गार लागलं की मी आले.”
“याला नाव आहे,” म्हणाली. “चार वर्षं डॉक्टरीणबाईंकडे जातेय.” चार वर्षं! मला पत्ता नाही.
“भीती नाही वाटत?”
“आता नाही. तेव्हा पाण्यात मी शुद्धीत, पूर्ण तिथे असते, तर वाचले नसते बहुतेक. त्या निघून जाण्यानंच मला सांभाळलं गं.”

मी तिच्याकडे बघतच राहिले. रोजचीच ताई, कपाळावर भिंग, बोटाला तेल. इतकी वर्षं एकाच घरात राहिलो, आणि या बाईची मला ओळखच नव्हती.
लिहू का, विचारलं. “लिही. पण तिला वेडी करू नकोस.”

८ जून
सात वाक्यं खोडली. नवा सीन – मुलाचा वाढदिवस, कोणीतरी काडी ओढतं, मेणबत्त्या पेटतात. नायिका हसत केक कापते, वाटते. केक संपतो. ती रिकामी सुरी चालवत राहते, रिकाम्या ताटलीत काही नसलेलं नीट ठेवत राहते. बस्स. एकही संवाद नाही.
संवादलेखिकेनं संवादच लिहिला नाही. माझी भाकरी मीच जाळली.

९ जून
व्हायचं तेच झालं. मॅडम – “बाई केक कापते. बरं, मग? नाट्य कुठाय?” दिग्दर्शक – “प्रेक्षकाला कळणार कसं?” मी म्हटलं, नायिकेच्या सासूलाही कळत नाही, प्रेक्षकालाही लगेच नको कळायला. मालिका गेली हातातून, असं वाटलं.
तेवढ्यात नायिकेचं काम करणारी नटी बोलली. तिला सगळे चिमणी म्हणतात, तोंड बंद नसतं म्हणून. “एकदा करू तर द्या. नाही जमलं तर फिरवते डोळे, त्यात काय!”

११ जून
आज जे पाहिलं ते कसं लिहू?
चिमणीनं सकाळीच मला विचारलं होतं, “ती जाते तेव्हा कुठे जाते?” मी ताईचं म्हणणं सांगितलं – कुठेच नाही, फक्त इथे नसते. ती मान हलवून गेली. दिवसभर गप्प. चिमणी गप्प!
काडी ओढली. तिच्या चेहऱ्यात काहीही बदललं नाही. तेच हसू. पण घरातले सगळे बाहेर गेलेत आणि दिवा तेवढा चालू राहिलाय, तसं ते हसू. सुरी चालली. ताटली पुढे झाली. रिकामी. पुन्हा. पुन्हा. दिग्दर्शकानं ‘कट’ म्हणायला तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं. लाइटवाला शिडीवर हात जोडल्यासारखा उभा. चहावाल्या मावशी दारात, किटली कलती, चहा फरशीवर सांडतोय – त्यांनाही कळलं नाही. माझी ताई होती ती. तीस वर्षं आमच्या टेबलाशी बसलेली, आणि आज पहिल्यांदा सगळ्यांना दिसली!
मॅडम मॉनिटरसमोर होत्या. रुमाल शोधत म्हणाल्या, “ढग नकोत.”

१२ जून
दुसरा टेक घेतलाच नाही म्हणे. कोणाची छाती झाली नाही.

१९ जून
भाग लागला. ताईच्या शेजारी बसून पाहिला. पूर्ण वेळ तिनं माझं मनगट धरलं होतं. संपल्यावर एवढंच म्हणाली, “माणसासारखी दाखवलीस.”

२० जून
सकाळी आईचा फोन. कधी नव्हे ती हळू बोलत होती. “काल बघितलं. मलाही होतं गं तसं. काठावर उभी होते ना, तेव्हापासून. मला वाटायचं, सगळ्यांनाच होतं.”