अंगठी परत घालायला लावली

सौ. चांगुणास,

आम्ही दोघं बापलेक इकडं परदेशात जेवून-खाऊन बरे हाय. तू दिलेला मफलर कामी येतोय. फोनवर शेखर समोर असतो, म्हणून लिहितोय.

मागच्या महिन्यात चर्चमधल्या लग्नात अंगठीचा फोटो हलला. नांदगावला लग्नाचे फोटो काढताना आपण काय करायचो? भटजीला थांबवून मंगळसूत्र परत घालायला लावायचो. शेखरनं बी तेच केलं. नवरदेवाला बोलला, "अंगठी काढा, परत घाला." त्यानं काढली अन् नवरीची आई रडायलाच लागली. तिला तो अपशकुन वाटला. आम्हाला बाहेर काढलं.

बातमी फिरली. पुढची तीन लग्नं हातची गेली. तेव्हापासून शेखरनं कॅमेऱ्याची बॅग उघडलेली नाय. "बाबा, धंदा बंद करतो," म्हणतो. जेवतो मात्र नीट.

दारात नवरीच्या बापानं विचारलं, "हे कुणी शिकवलं तुला?" एवढं इंग्रजी मला कळतं. शेखर बोलला, "कुणी नाय, माझीच चूक." मी शेजारी लाइट धरून उभा होतो. शिकवलं तर मीच होतं.

रविवारी फोनवर तू मला तेच विचार. त्याच्यासमोर मला सांगावंच लागंल.

गुडघ्याला तेल लावतीस ना?

कारभारी