निर्दोष सुटला तर

सोमवार, ९ जून
वकील मॅडमनी कोर्टाच्या पायरीवरच सांगितलं. माझ्या धाकट्या भावानं, बापूनं गुन्हा कबूल केला तर आत काढलेली वर्षंच शिक्षा म्हणून धरायला सांगू, लवकर घरी येईल. लढायचं तर साक्षी अजून सुरूही नाहीत. आणि दोषी ठरला तर जन्मठेपसुद्धा. मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही.

धाकट्या भावानं केलं काय, तर शेजारच्या खोलीतल्या परगावच्या कामगाराला स्वतःच्या आधारवर सिम काढून दिलं. त्याच्याकडे इथला पत्ता नव्हता. आमच्या बजाजनगरात, कामगारांच्या वस्तीत, कोण देत नाही? मीही दिलंय. तो त्यावरून कुणाशी काय बोलला, आणि बापू दहशतवादाच्या कायद्यात आत.

गुरुवार, १२ जून
माहिती अधिकारात विचारलं होतं: बापूवर हा कायदा लावायला मंजुरी कुणी दिली, काय बघून दिली? उत्तर आलं. सुरक्षेच्या कारणास्तव देता येत नाही. म्हणजे चुकलं असेल तर जबाब द्यायला कुणी नाहीच. जबाब फक्त बापूनं द्यायचा.

दुपारी साध्या कपड्यातले दोन पोलीस दारात. "अर्ज तुमीच केला का? मिस्टर कोणत्या कंपनीत हायेत?" आवाज अगदी गोड. मी चहा केला! कप धुताना रडू आलं, रागही.

हे म्हणाले, "सुनीता, आता बास. आपल्याला पोरगी हाय." तिला शिकवणीला पाठवलं नाही.

रविवार, १५ जून
गंगापूरच्या पुढं, माहेरी. बापूला नेलं तेव्हा आईनं बिरोबाला नवसाचा बोकड बोललाय. तो अजून दारात. इतका थोराड झालाय की गल्लीतली पोरं त्याला 'आरोपी' म्हणतात. मलाही हसू आलं, मेलं.

आईला मॅडमचं सांगितलं. वाटलं, हात जोडेल. पीठ मळायला घेतलं. मग, "मी निर्दोष सुटू दे म्हनले व्हते. आता देवाला काय सांगू? गुन्हा केला म्हनून सुटला?"

भाकर थापता थापता पुन्हा, "पर घरी तर येईल ना गं?"

मंगळवार, १७ जून
तुरुंगात मुलाकात. काचेपलीकडे बापू, कानाला फोन. केस पांढरे व्हायला लागलेत.
"ताई, कबूल म्हनलं की संपतंय का समदं?"

नाही संपत. शिक्का राहणार. शहरात कुठं काही झालं की पहिली गाडी आपल्या दारात. हे सांगायचं होतं, पण फोन कुणी ऐकत असेल तर? मुलीचं सांगत बसले. वेळ संपताना म्हणाला, "तू म्हनशील तसं."
मी काहीच म्हणाले नाही. भ्यायले. लढ म्हटलं आणि तो आत म्हातारा झाला तर? आणि कबूल कर म्हणू कोणत्या तोंडानं?

शुक्रवार, २० जून
कोर्टाच्या व्हरांड्यात लिहितेय. आज न्यायाधीश बापूला विचारणार, गुन्हा कबूल आहे का. आई शेजारी, ओठ हलताहेत.

आत्ता नेलं त्याला. अगदी जवळून गेला. पोलीस "चला, चला" करत होते. एवढंच विचारलं त्यानं, "बोकड हाय का गं अजून?"
"हाय."
मान हलवली आणि आत गेला.

आई अजून निर्दोष सुटण्याच्या नवसावरच आहे, असं धरून गेला तो. बोकड नाही म्हणायला हवं होतं का मी? कबूल करून घरी तरी आला असता.

नाव पुकारलं. आई उठली. मी वही मिटते.