खाण्यास योग्य

३ सप्टेंबर
आलो एकदाचा! बंदरावरच्या मासे तपासणी कार्यालयात बदली झाली म्हटल्यावर कचेरीतल्या सगळ्यांनी सुतकी चेहरे केले होते. त्यांना काय माहीत इथली मजा! धक्क्यासमोरच्या घरात वरची खोली मिळाली आहे. दोन खिडक्या, लोखंडी पलंग, डुगडुगणारं टेबल. घरमालकीण साठीची, नवरा मासेमार होता, आता नाही. सगळं बंदर तिला मावशी म्हणतं, म्हणून मीही. दोन वेळचं जेवण तीच देणार. मासे चालतील का, असं तिने विचारलं. मी म्हटलं, रोज दिलेत तर बढतीसुद्धा नाकारीन. ती हसली नाही. खाली जाऊन कुणाला तरी तेच जसंच्या तसं सांगितलं. नोव्हेंबरात शाळेला सुट्टी लागली की बायको आणि चिमणी इथे राहायला येतील. चिमणी पाच वर्षांची, पण पोरीला ताज्या माशाची चवच ठाऊक नाही.

७ सप्टेंबर
काम सोपं आहे. दर आठवड्याला मासे तपासायचे, त्यांत पारा किती ते रजिस्टरात लिहायचं, खाली ‘खाण्यास योग्य’चा शिक्का आणि सही. अडचण एवढीच की यंत्र बंद आहे. त्यावर कापड, कापडावर बोटभर धूळ. साहेबांना फोन केला. सुटा भाग येईपर्यंत मागचेच आकडे उतरवा, म्हणाले; आजवर सगळे तेच करत आले. उतरवले. खटकलं जरा, पण नव्या जागी पहिल्याच आठवड्यात कोण शहाणपणा करणार?

१५ सप्टेंबर
आज एक म्हातारा मासेमार कार्यालयात आला. दाट धुक्यातही होडी बिनचूक घरी आणतो म्हणून त्याला सगळे होकायंत्र म्हणतात. तासभर बोलला. खाडीच्या वळणावर कारखान्याचं पाणी सुटतं, तिथले मासे जाळ्यात तडफडत नाहीत म्हणे, ओल्या पोत्यासारखे वर येतात. त्या बाजूने परतणाऱ्या होडीमागे पक्षी लागत नाहीत. खेकडे भरदिवसा चिखल सोडून दगडावर येऊन बसतात. त्याचा नातू चार वर्षांचा झाला, अजून मान धरत नाही. ऐकून वाईट वाटलं. पण याला पुरावा म्हणत नाहीत, हे मी त्याला नीट समजावलं आणि शेऱ्याच्या रकान्यात ‘स्थानिकांची समजूत’ असं लिहिलं. मग वळणावरचा मासा खावा का, असं त्याने विचारलं. अहवालानुसार खावा, मी म्हटलं. त्याने ते माझ्याकडून पुन्हा एकदा वदवून घेतलं आणि उठून गेला.

८ ऑक्टोबर
जेवण झकास. पँट घट्ट व्हायला लागली आहे. पण मनात शंकेची पाल चुकचुकते. धक्क्यावर रोज एक टोपली वेगळी काढतात आणि ती थेट आमच्या स्वयंपाकघरात येते. मला वाटायचं, साहेब म्हणून मान देतात. मावशी मात्र त्यातला तुकडाही तोंडात घालत नाही. दात दुखतात म्हणते. आज दुपारी बघतो तर बाई कडाकडा भाजलेले दाणे चावत बसलेली.
बोटांना मुंग्या येतात. हात अंगाखाली घेऊन झोपत असेन.

२३ ऑक्टोबर
सकाळी हातातून कप निसटला. मावशी धावत आली, पण फडकं घेऊन नाही. कुठला हात, असं विचारलं आणि आत गेली. ती धक्क्यावर गेल्यावर मी स्वयंपाकघरात शिरलो. दाराआड कॅलेंडर आहे. आजच्या तारखेवर पेन्सिलीने ‘डावा हात, कप’. आठ तारखेवर ‘मुंग्या’.
मुंग्यांचं मी कुणाकडेच बोललो नव्हतो. फक्त या वहीत लिहिलं होतं.
धक्क्यावरून जाताना सगळे माझ्या पावलांकडे बघतात.

२ नोव्हेंबर
रजिस्टर मागे मागे उलटत गेलो. माझ्याआधी तिघे. तिघांच्याही सह्या सुरुवातीला सुबक, वर्षाच्या आत खेकडा चालल्यासारख्या. मावशीला सरळच विचारलं.
तिने काही लपवलं नाही. वाढता वाढता सांगितलं. टोपली वळणावरचीच. अकरा वर्षं आम्ही घसा फोडून सांगतोय, पण आमचं बोलणं म्हणजे समजूत आणि तुमचं यंत्र बंद. मग ठरवलं, जो सही करतो त्यालाच खायला घालायचं आणि काय काय होतं ते लिहून ठेवायचं. शिकलेल्या माणसाचं अंग तरी पुरावा धरतील. तिघांचे कागद वर पाठवले, उत्तर नाही. तुमचेही पाठवू, म्हणाली. आवाजात राग नव्हता. माझी भीतीने बोबडी वळली, आणि तिने ‘बोबडी’ हेसुद्धा लिहून घेतलं.
मी ताट बाजूला सरकवलं.

११ नोव्हेंबर
नऊ दिवस मासा बंद. फरक नाही. पानाच्या कडा दिसत नाहीत, फक्त मधलं दिसतं. साहेबांना कळवलं, खरं ते लिहितो. रजा घ्या म्हणाले.
हिला फोन केला. येऊ नका, एवढंच सांगायचं होतं — जीभ वळेना. प्यायलास का, विचारलं. मग रडली. सुट्टीची वाट बघत नाही म्हणाली, उद्याच निघते —

१३ नोव्हेंबर
आल्या. चिमणी आधी घाबरली, मग बिलगली. बोललो — नुसता घोगरा आवाज. लिहून दाखवलं, हिला अक्षरच लागेना. ही म्हणते, ताप डोक्यात गेलाय.
जिन्याच्या तोंडाशी बसून बघतोय. खाली ताटं मांडतात. वास येतोय. होकायंत्रही आलाय, रजिस्टर घेऊन. हिने विचारलं असणार, मासा लहान मुलीला चालेल ना — त्याने पान उघडून दाखवलं. माझा शिक्का. माझी सही. ही निर्धास्त झाली. नवऱ्यानेच तपासलाय म्हटल्यावर —
जिना उतरता येत नाही. काठी आपटतो. आले आले, म्हणते, चिमणीला चार घास भरवून —

मावशी, तुम्ही ही वही वाचता. आत्ता वाचा. मी काही तपासलं नव्हतं. एकदाही नाही. म्हातारा खरं बोल— मी लिहून देतो, सही करतो, हवं ते — मला घाला, मी खातो — पोरीने काय — तिला देऊ न