डिकीबाहेर राहिलेलं चाक

शनिवार, संध्याकाळ

आज आईला घेऊन दोन हायब्रिड गाड्या पाहिल्या. पहिली इतकी उंच, की आईला पाय उचलून आत ठेवता येईना. मल्लेश्वरमच्या शोरूममधली दुसरी तिला आवडली, पण बॅटरीमुळे डिकी लहान. तिच्या चाकांच्या खुर्चीचं एक चाक बाहेरच राहिलं. सेल्समन काही सोडेना.

"अक्का, मागची सीट पाडा, आरामात मावेल. आजच बुक करा!"

"आईला पाय पसरून मागेच बसावं लागतं. तिला कुठे बसवू?"

तो मायलेज सांगू लागला. बाहेर राहिलेलं ते चाक आईनेही पाहिलंच.

परतताना कॅबमध्ये ती म्हणाली, "तुला आवडेल ती घे गं. मला आता कुठे जायचंय?"

मी काही बोलणार, तोच सेल्समनचा फोन आला. आणि मी तो घेतला. का घेतला?